गाडीची उंची आणि कायद्याचे मौन

शहरातल्या गॅरेजच्या रांगेत दोन परस्परविरोधी मागण्या घेऊन येणारी गिऱ्हाइके एकाच दिवशी भेटतात. एकाला आपली मोटार वर उचलून हवी असते, तर दुसऱ्याला खाली बसवून. पहिला बहुधा मध्यमवयीन कुटुंबवत्सल गृहस्थ असतो. सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर पाच माणसे बसलेली त्याची गाडी दरवेळी खालून घासते आणि तो आवाज थेट त्याच्या काळजाला भिडतो. दुसरा विशी-पंचविशीतला असतो. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली चार बोटांची फट त्याच्या डोळ्यांत खुपत असते. दोघांनाही हवे असते ते एकच. गरजेप्रमाणे उंची कमी-अधिक करता येईल असे, म्हणजे ‘अॅडजस्टेबल’ सस्पेन्शन. चांगल्या परदेशी बनावटीचा असा तयार संच लाखाच्या घरात जातो. ज्या जुन्या गाडीला तो बसवायचा, त्या गाडीची किंमतही कित्येकदा फार वेगळी नसते. मग लेथवाला, वेल्डिंगवाला आणि ओळखीचा फिटर यांच्या मदतीने, इमारतीच्या पार्किंगमध्ये जॅक लावून, हा संच घरच्या घरी सिद्ध केला जातो.

या उद्योगाकडे आपल्याकडे आजवर दोनच दृष्टींनी पाहिले गेले. एक कौतुकाची, जिला ‘जुगाड’ या शब्दाने हल्ली प्रतिष्ठा मिळाली आहे. दुसरी गुन्ह्याची, जी वाहतूक पोलिसाच्या पावतीपुस्तकात असते. मात्र हे काम नीट झाले आहे की नाही, ते पाहणारी तिसरी दृष्टी कोणाकडेच नाही. खरा धोका तिच्या अभावात आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ५२ वे कलम वाहनातील बदलांविषयी आहे. सन २००० मधील दुरुस्तीनंतर त्याला आजचे कडक रूप आले. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल मालकाने करता कामा नये, हा त्याचा आशय. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांच्या पीठाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात १८२-अ हे कलम घातले. त्यानुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कागदावर हे सारे चोख दिसते. पण आपल्या गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहावे. त्यात इंजिन व चेसिसचे क्रमांक असतात, रंग असतो, इंधन, आसनक्षमता, व्हीलबेस आणि रिकाम्या गाडीचे वजनही असते. गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची, स्प्रिंगचा कडकपणा किंवा शॉकअब्सॉर्बरचा प्रकार यांना मात्र तिथे जागा नाही. परिणामी पांढऱ्या गाडीला परस्पर लाल रंग देणारा माणूस ५२ व्या कलमाच्या अक्षरात सहज सापडतो, आणि ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापून टाकणारा निसटतो. एकाच्या कृतीने कोणाचा जीव जात नाही, दुसऱ्याच्या कृतीने जाऊ शकतो. उलट, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमानुसार ज्या प्रारूपाची चाचणी मान्यताप्राप्त संस्थेने केली, त्याहून वेगळी गाडी रस्त्यावर नकोच, असा व्यापक अर्थ घेतला, तर सस्पेन्शनला लावलेला प्रत्येक हात बेकायदा ठरतो. एका वाचनाने सारेच गुन्हेगार आणि दुसऱ्याने कोणीच नाही! प्रत्यक्षात पोलीस पकडतात ते कर्कश सायलेन्सर आणि काचेवरची काळी फिल्म, कारण ती उभ्या जागी ऐकू येते आणि दिसते. गाडीखाली वाकून पाहण्याची सक्ती कोणावरच नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तोवर सरकारी निरीक्षकाचा डोळा तिच्या तळाकडे जाण्याचे कारण सहसा उद्भवतच नाही. या पंधरा वर्षांत तिचे पीयूसी अनेकदा होते, पण ते धुराचे.

मुळात गाडी उंच करण्याची गरज का भासते, याचे उत्तर गाडीत कमी आणि रस्त्यात अधिक आहे. गतिरोधक कसा बांधावा याचे मानक इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्येच घालून दिले, आणि २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही काढली. त्या पहिल्या मानकातला उंचवटा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे, रुंदी ३.७ मीटर आणि माथ्याची उंची अवघी १० सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता यावा, ही अपेक्षा. शाळेतली भूमिती इथे कामाला येते. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली साधी हॅचबॅक या उंचवट्यावर मधोमध आली, की चारही चाके उंचवट्यावरच असतात. चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर मधला माथा जेमतेम साडेचार सेंटिमीटर येतो. गाडीचा तळ १७ सेंटिमीटर उंच असेल, तर घासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता आपल्या गल्लीतला गतिरोधक घ्या. रात्रीतून डांबराचा ढीग ओतून वर रोलर फिरवलेला, मीटरभर रुंदीचा आणि वीतभर नसला तरी पंधरा सेंटिमीटर उंचीचा. इथे पुढची चाके पलीकडे उतरलेली आणि मागची अजून अलीकडे असतात, त्यामुळे पूर्ण पंधरा सेंटिमीटर गाडीच्या पोटाशी येतात. रिकाम्या गाडीखाली दोन सेंटिमीटर उरतात. त्यात पाच माणसे आणि थोडे सामान मिळून तीनशे किलो भार वाढला, म्हणजे प्रत्येक चाकावर पंचाहत्तर किलो आले. स्प्रिंग मिलिमीटरमागे वीस न्यूटन कडक असेल, तर गाडी आणखी पावणेचार सेंटिमीटर खाली बसते. हिशेबाने तिचे पोट गतिरोधकाच्या माथ्याच्याही पावणेदोन सेंटिमीटर खाली जायला हवे. तसे ते जाऊ शकत नाही, म्हणून घासते. व्हीलबेस लांब असेल तर मानकाप्रमाणे बांधलेल्या उंचवट्यावरही थोडी अधिक उंची खर्ची पडते. २००६ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिव्हिकच्या मालकांना या प्रश्नाने किती छळले, हे त्या काळच्या गाडीवाल्यांना आठवत असेल. ती गाडी मुळात सदोष नव्हती. तिला ज्या रस्त्यांवर चालायचे होते, ते रस्ते कोणत्याच मानकात बसत नव्हते.

चांगले, खड्डेविरहित रस्ते हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमाखालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्येच म्हटले होते. त्या हक्काची वाट पाहण्यापेक्षा गृहस्थ गॅरेजची वाट धरतो, यात त्याला फार दोष देता येणार नाही.

गॅरेजमध्ये त्याला पहिला उपाय सुचवला जातो तो रबराचा किंवा सिलिकॉनचा ‘बफर’. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये हा जाड गठ्ठा अडकवला, की गाडी बोटभर वर येते. खर्चही हजार-दोन हजारांच्या आतबाहेर. पण गठ्ठा जिथे बसतो, तिथला स्प्रिंगचा भाग काम करणे जवळजवळ थांबवतो आणि सारा भार उरलेल्या वेढ्यांवर पडतो. दुसरा उपाय स्पेसरचा. तो कुठे बसवला यावर पुष्कळ काही अवलंबून असते, आणि नेमके हेच गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही. स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर, चेसिस आणि वरचे माउंटिंग यांच्यामध्ये बसवला, तर अख्खा स्ट्रट खाली सरकतो. चाक खड्ड्यात लोंबते तेव्हा ते पूर्वीपेक्षा तेवढेच जास्त खाली जाते. ब्रेकची रबरी नळी, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे यांना मूळ रचनाकाराने ठरवलेल्या मर्यादेबाहेर ताण बसतो. ही झीज हळूहळू होते, आणि ती उघडी पडते तोवर बफर बसवणारा फिटर दुसरीकडे गेलेला असतो.

आणखी एक परिणाम गाडीत बसलेल्याला कधीच जाणवत नाही, तो समोरून येणाऱ्याला जाणवतो. गाडीचे नाक केवळ दोन सेंटिमीटर वर उचलले आणि मागची बाजू तशीच ठेवली, की २.४५ मीटर व्हीलबेसच्या गाडीचा प्रकाशझोत पंचवीस मीटरवर वीस सेंटिमीटर वर सरकतो. डिपर लावलेला झोत साधारणपणे दर मीटरला एक सेंटिमीटर खाली झुकलेला असतो, म्हणजे पंचवीस मीटरवर पंचवीस सेंटिमीटर. त्यातले वीस गेले. डिपर दिलेला असूनही समोरच्या स्कूटरवाल्याचे डोळे दिपतात. हेडलाइट पुन्हा जुळवून घेणे हे दहा मिनिटांचे काम, पण स्पेसर बसवल्यावर ते करून देणारा विरळाच.

गाडी खाली बसवू पाहणाऱ्या तरुणाचे प्रकरण याहून गंभीर आहे. त्याचा स्वस्तातला उपाय म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापणे. वरकरणी साधे वाटणारे हे काम नेमके काय करते, ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समजा, स्प्रिंगला काम करणारे सहा वेढे आहेत, तिची मोकळी लांबी ३६० मिलिमीटर आहे आणि कडकपणा मिलिमीटरमागे वीस न्यूटन. चाकावरचा भार तीन हजार न्यूटन धरला, तर ती १५० मिलिमीटर दबून २१० वर स्थिरावते. एक वेढा कापला. मोकळी लांबी उरली ३००. परंतु कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे तो वीसचा चोवीस झाला. आता ती १२५ मिलिमीटरच दबते आणि १७५ वर थांबते. म्हणजे कापले साठ मिलिमीटर, पण गाडी खाली आली पस्तीस. तरुणाला वाटते, अजून जागा आहे. तो आणखी अर्धा वेढा कापतो.

यातला खरा घात पुढे आहे. चाक खोल खड्ड्यात उतरते तेव्हा स्ट्रट पूर्ण लांबतो. त्या क्षणी वरच्या आणि खालच्या बैठकीतले अंतर ३३० मिलिमीटर होत असेल, तर ३६० ची मूळ स्प्रिंग तेव्हाही तीन सेंटिमीटर दबलेलीच असते, आणि म्हणूनच जागेवर राहते. कापलेली ३०० ची स्प्रिंग मात्र तीन सेंटिमीटर मोकळी लोंबते. चाक खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आदळून वर येते, तेव्हा ती बैठकीवर सरळच बसेल याची हमी कोणी द्यावी? तिरकी बसली, तर टायरला किंवा ब्रेकच्या नळीला जाऊन भिडते. ग्राइंडरऐवजी गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून खाली ‘बसवण्याची’ जी पद्धत काही गॅरेजांत चालते, तिच्याविषयी तर बोलायलाच नको. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी देऊन जो गुण आणलेला असतो, तोच त्या ज्योतीत जळून जातो. नंतर ते पोलाद स्प्रिंग म्हणून उरतच नाही.

शिवाय एबीएस नसलेल्या जुन्या गाड्यांपैकी अनेकांत, विशेषतः व्हॅन आणि छोट्या मालवाहू वाहनांत, मागच्या अॅक्सलला जोडलेली एक लहानशी दांडी असते. मागची बाजू किती दबली आहे यावरून गाडीत भार किती आहे, हे तिला कळते, आणि त्यानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-अधिक होतो. मागची बाजू कायमची खाली बसवली, की या दांडीला गाडी सदैव भरलेलीच वाटते. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांना गरजेपेक्षा जास्त ब्रेक लागतो, पावसात ती चाके आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाल्यामुळे हा धोका कमी होत चालला आहे. पण घरगुती प्रयोग होतात ते बहुतांशी त्याआधीच्या, हाताशी असलेल्या जुन्या गाड्यांवरच.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग हे थांबवलेच पाहिजे. तथापि उंची बदलता येणारे सस्पेन्शन ही कल्पनाच मुळात धोकादायक आहे, असे मुळीच नाही. आपल्या रस्त्यांवर ती कित्येक दशके आहे. अॅम्बॅसॅडरच्या पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी पिळाची दांडी, म्हणजे टॉर्शन बार होता. त्याचा पीळ वाढवून बसलेली गाडी वर घेणे हे जुन्या मेकॅनिकचे नेहमीचे काम. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपवर पाच खाचांची जी कडी असते, ती पत्नी-मुलांना घेऊन निघण्याआधी अनेकांनी फिरवली असेल. मोटारीचे ‘कॉइलओव्हर’ हे त्याच कडीचे सुधारलेले रूप. स्ट्रटवर आटे पाडलेली नळी, त्या नळीवर वर-खाली फिरणारी बैठक आणि ती जागच्या जागी घट्ट धरणारी दुसरी कडी, एवढीच रचना. आटे दोन मिलिमीटरचे असतील, तर एका फेऱ्याला बैठक दोन मिलिमीटर सरकते.

घरी कमी खर्चात हे बनवणारे मूळ स्ट्रटवरची बैठक कापून काढतात, लेथवर आट्यांची नळी करून घेतात आणि बाजारात मिळणारी सरळ, अरुंद स्प्रिंग तिच्यावर चढवतात. हे नीट होऊ शकते. पण ‘नीट’ या शब्दात बरेच काही येते. मॅकफर्सन स्ट्रट नुसता धक्का शोषत नाही. चाक त्याच्याभोवतीच वळते आणि ब्रेकचा भारही तो पेलतो. तेलाने भरलेल्या, क्वचित दाबाखालचा वायू असलेल्या नळीवर वेल्डिंगची ठिणगी पाडली, तर आतले सील जातात आणि नळी फुटण्याचाही धोका असतो. नवी स्प्रिंग दुप्पट कडक घेतली, तर शॉकअपचा रोधही साधारण चाळीस टक्के वाढायला हवा. जुनाच ठेवला, तर गाडी उंटासारखी डुलते. चौथी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. चार पायांचे टेबल एका पायाने आखूड झाले की डुगडुगते. गाडीच्या एका कोपऱ्यातली कडी दोन फेरे जास्त फिरली, की तिचा भार त्या कोपऱ्यावर आणि कर्णाने समोरच्या चाकावर सरकतो. उरलेली दोन चाके हलकी होतात. गाडी दिसते सरळ, पण ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढते. म्हणून उंची टेपने मोजून भागत नाही, चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून मोजावे लागते, आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट आलेच.

ही शिस्त आपल्याकडे अज्ञात आहे असेही नाही. २००७ पासून मध्य प्रदेशातील पिथमपूरला ‘बाहा एसएईइंडिया’ ही स्पर्धा भरू लागली. तिच्यात देशभरातले, पुण्या-मुंबईचेही, अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली वाहने घेऊन उतरत आले आहेत. त्यांचे सस्पेन्शन कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच, तुटपुंज्या पैशांत घडते. मात्र तांत्रिक तपासणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय वाहन मैदानात उतरू देत नाहीत. तेच विद्यार्थी सुटीत घरी येऊन वडिलांच्या गाडीवर हात चालवतात, तेव्हा ते थेट द्रुतगती मार्गावर जाऊ शकतात. मधे कोणीही उभे नसते.

नुसत्या बंदीने काय होते, याचा उत्तम दाखला अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने दिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांत जुन्या गाड्या खाली बसवून संथ गतीने मिरवण्याची रीत रुजली. स्प्रिंगा कापणे, डिकीत वाळूची पोती ठेवणे, हे त्यांचे स्वस्तातले उपाय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस राज्याने नियम केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. मग सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीरे या तरुणाने १९५९ च्या सुमारास आपल्या ‘एक्स-सॉनिक’ या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप जोडला. पोलीस दिसला की कळ दाबायची आणि गाडी वर. तो गेला की पुन्हा खाली. युद्धकाळातल्या विमानांचे हायड्रॉलिक भाग तेव्हा भंगारात स्वस्त मिळत, आणि पाहता पाहता घराघरांच्या गॅरेजमध्ये असे संच बनू लागले. म्हणजे ज्या बंदीने हे प्रयोग थांबायचे, तिनेच त्यांना अधिक गुंतागुंतीचे केले. हा नियम साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो संपुष्टात आला. नियमाच्या आडून एका विशिष्ट समाजाच्या तरुणांनाच अडवले जाते, ही तक्रार त्यामागे होती. अर्थात तिथल्या रस्त्यांवर वीतभर उंचीचे बेकायदा गतिरोधक नाहीत, हा फरक ध्यानात ठेवायलाच हवा.

जर्मनीने वेगळी वाट धरली. शिस्तीचे कौतुक करायचे म्हणून नव्हे, तर त्यांच्या पद्धतीतला व्यवहारीपणा घेण्यासारखा आहे म्हणून तिचा उल्लेख. तिथे सस्पेन्शन बदलता येते. सुटा संच बनवणाऱ्याने आधी त्याची चाचणी करून अहवाल घ्यायचा. मालकाने तो बसवल्यावर गाडी तपासणी संस्थेकडे न्यायची. निरीक्षकाने खाली वाकून पाहायचे आणि बदल कागदपत्रांत नोंदवायचा. जपानने १९९५ मध्ये नियम सैल केले. उंचीत चार सेंटिमीटरपर्यंतचा फरक पडला, तर वेगळी मंजुरी लागत नाही. मात्र तळ जमिनीपासून नऊ सेंटिमीटरच्या खाली येता कामा नये. दोन्ही देशांना ही मोकळीक परवडते, कारण नवी मोटार तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी तिथे सक्तीने तपासली जाते. ही तपासणी आपल्याकडे नाही. म्हणून त्यांचा नियम जसाच्या तसा उचलून आणण्यात अर्थ नाही.

आणि उचलून आणण्याचे कारणही नाही; नमुना आपल्याच घरात आहे. पेट्रोलच्या गाडीला सीएनजीचा संच बसवणे हा सस्पेन्शनपेक्षा कितीतरी मोठा बदल. डिकीत उच्च दाबाचे नळकांडे ठेवायचे, इंजिनाचे इंधनच बदलायचे. तरीही ५२ व्या कलमाने त्याला वाट ठेवली. मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेला संच, परवानाधारक बसवणारा, आरटीओची नोंद, आणि नळकांड्याची ठराविक मुदतीने दाबचाचणी, अशा पायऱ्या ठरल्या. दिव्यांग व्यक्तींसाठी वाहनात फेरफार करण्यालाही २०१९ च्या दुरुस्तीने अशीच सोय करून दिली. सस्पेन्शनच्या बाबतीत तेवढेच करायचे आहे. तयार संचांची चाचणी पुण्याची एआरएआय करू शकते; १९६६ पासून हेच तिचे काम आहे. प्रश्न उरतो तो एकेकट्याने घरी बनवलेल्या संचाचा. त्याला प्रारूप चाचणीचा खर्च पेलणार नाही, आणि पेलावा अशी अपेक्षाही गैर आहे. त्याच्यासाठी हवी ती एका गाडीची, एका वेळची तपासणी.

यावर आक्षेप येईल, की आरटीओकडे आहे ती कामेच उरकत नाहीत, त्यात ही भर कशाला? आणि शुल्क भरून शिक्का मिळवण्याचे आणखी एक कुरण निर्माण होईल, ही भीतीही निराधार नाही. तिचे उत्तर तपासणी साधी आणि मोजता येणारी ठेवण्यात आहे. निरीक्षकाच्या मताला वाव जितका कमी, तितकी चिरीमिरीची जागा कमी. कापलेली वा तापवलेली स्प्रिंग असेल तर गाडी तिथल्या तिथे नापास. चाक पूर्ण लोंबकळते ठेवून स्प्रिंग बैठकीत घट्ट आहे का, ते हाताने हलवून पाहायचे. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून नळ्या आणि टायर कुठे घासतात का ते पाहायचे. स्ट्रटवर वेल्डिंग असेल तर ते कोणी केले, याचा कागद मागायचा. चार चाकांखाली चार काटे, भिंतीवर हेडलाइटची रेघ, आणि ब्रेकची चाचणी. शेवटी तळाची उंची मोजून तो आकडा नोंदणी प्रमाणपत्रावर चढवायचा. विमा कंपनीलाही मग तो बदल माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही, आणि अपघातानंतर दावा अडवून ठेवण्याचे एक निमित्त कमी होईल.

यातले एकही उपकरण दुर्मीळ नाही. बरे व्हील अलाइनमेंटचे दुकान आणि ब्रेक-रोलर असलेले तपासणी केंद्र यांच्यात मिळून ते सारे आजच आहे. नोंदणी प्रमाणपत्रात एक नवा रकाना लागेल, तेवढी अधिसूचना दिल्लीहून निघायला हवी.